सायकलला लॉक कुठलं घ्यावं? (सांगली-मिरज)

माधवनगरकर
नमस्कार मंडळी. लेक यंदा अकरावीला गेली. माधवनगरहून विश्रामबागला क्लासला सायकलनंच जाणार म्हणून हटून बसली, म्हणून गिअरची, डिस्क ब्रेकवाली सायकल घेतली. चौदा हजारांपर्यंत गेली. दुकानदारानं सोबत एक प्लॅस्टिक चढवलेलं, वेटोळं होणारं तारेचं लॉक फुकट दिलं. मागच्या चाकाचं गोल लॉक बसवून द्या म्हटलं, तर "याला बसत नाही" म्हणाला.

सायकल दिवसभरात तीन ठिकाणी उभी राहते. सकाळी कॉलेजच्या स्टँडवर, तिथं वॉचमन असतो. दुपारी क्लासच्या बिल्डिंगखाली रस्त्याकडेला दोन-तीन तास, तिथं ना स्टँड ना माणूस. रात्री आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये. बजेट दीड हजार. काय घेऊ? ऑनलाइन बघितलं तर इतके प्रकार की डोकं गरगरलं.

पायंडल
आमच्या वडिलांच्या काळ्या सायकलला ते गोल लॉक होतं. अडतीस वर्षं नोकरी झाली त्यावर, कुणी हात लावला नाही. पण त्यात कर्तबगारी लॉकची कमी आणि सायकलची जास्त. वीस किलोचं धूड उचलून कोण पळणार? तुमच्या लेकीची सायकल तेरा-चौदा किलोची असेल. मागचं चाक अडकलं तरी खांद्यावर टाकून माणूस चालू लागतो.

"बसत नाही" हे मात्र अर्धंच खरं. रुंद टायरची, पट्ट्यांनी आवळायची गोल लॉकं मिळतात, फक्त आपल्याकडच्या दुकानात नसतात. हॉलंडमध्ये तर शहरी सायकलला गोल लॉक असतंच, आणि त्यातच खुपसायची जादा साखळी मिळते. दोन मिनिटं थांबायचं तर नुसतं गोल लॉक, जास्त वेळ असेल तर साखळी खांबाला. बेस्ट पद्धत आहे.

विश्रामबागी_पोरगं
काकू, ते फुकटचं वेटोळं लॉक लावलं म्हणजे लॉक लावलंच नाही असं समजा. आमच्या क्लासखालून मित्राची सायकल गेली. तुकडे झालेली तार तेवढी खाली पडलेली. भर दुपारी, समोर वडापावची गाडी चालू. कुणाला काय कळलंच नाही की ओ. पक्कड घेऊन कुणी बसला तर लोकांना वाटतंय स्वतःचीच सायकल दुरुस्त करालाय.

भट्टीवाला
कुपवाड एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटच्या कामात आयुष्य गेलं, त्यामुळं या विषयावर मी जरा लांबण लावणार. कंटाळा आला तर सोडून द्या.

आधी तारेचं लॉक. बाहेरून अंगठ्याएवढं जाड दिसतं, पण त्यातलं निम्मं प्लॅस्टिक. आत बारीक तारांचा पीळ. पीळ ओढून तुटत नाही, म्हणून तार मजबूत वाटते. पण चोर ओढत नाही, कापतो. बारीक तार एकेक करून पकडीनंही तुटते, तार कापायचं कटर असेल तर एका दाबात. त्याचा उपयोग एकच, पुढचं चाक किंवा सीट मुख्य लॉकला जोडून ठेवायला.

आता साखळी. दुकानात दोन साखळ्या शेजारी ठेवल्या तर डोळ्याला फरक कळत नाही. एक साध्या लोखंडाची, एक हार्डन केलेली, म्हणजे भट्टीत कडक केलेली. कापडाच्या पिशवीत घातलेली असली तर मुळीच कळत नाही. यावर आमच्या धंद्यातली जुनी परीक्षा आहे, कानस. नवी, धारेची कानस घ्या आणि दुकानदाराला विचारून एखाद्या कडीच्या आतल्या बाजूला एक हात मारा. कानस चावली, चकाकता चरा पडला, तर साधं लोखंड. कानस नुसती घसरली, तर वरचा थर कडक आहे. दुकानदार कानस लावू देईना, तर दुसरं दुकान.

"वरचा थर" मुद्दाम म्हणतोय. चांगली साखळी आरपार कडक नसते. नऊशे अंशांच्या वर भट्टीत कार्बन पृष्ठभागात मुरवतात, मग तेलात विझवतात, मग थोडं टेम्परिंग, म्हणजे पुन्हा हलकं तापवणं. साल कडक होते आणि गाभा चिवट राहतो. आरपार कडक केली तर करवतीला दाद देणार नाही, पण हातोड्याच्या एका घावात काचेसारखी फुटेल. नुसती चिवट ठेवली तर करवत आरामात चालेल. दोन्ही पाहिजे.

पाकिटावर "बोरॉन स्टील" असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. लोकांना वाटतं बोरॉनचीच साखळी. शंभर किलो पोलादात बोरॉन असतं एक ते तीन ग्रॅम. तेवढ्यानंही पोलाद विझवताना खोलवर कडक होतं, हे खरं. पण नंतरची भट्टी नीट नसेल तर ते बोरॉन असून नसून सारखंच. शब्दावर जाऊ नका, कानशीवर जा.

जाडी: दोन फुटी बोल्ट कटर सात-आठ मिलिमीटरच्या साध्या सळीला विचारत नाही. तीच जाडी हार्डन केलेली असेल तर कटरच्या जबड्याला खाचा पडतात आणि माणसाला घाम फुटतो. सहा मिलिमीटरच्या खाली घेऊ नका, आठ घेतलीत तर उत्तम. कड्या वेल्ड केलेल्या आहेत का ते बघा. नुसत्या वळवून टोकाला टोक भिडवलेली कडी दोन पान्यांनी उघडते.

आणि सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथं: साखळी जाडजूड आणि तिला कुलूप बॅगेचं. कटर साखळीकडं बघणारही नाही, कुलपाची कडी धरेल. कुलपाची कडी साखळीएवढी तरी जाड हवी, आणि कुलूप बंद केल्यावर ती कमीत कमी बाहेर दिसावी.

माधवनगरकर
बाप रे, एवढं सगळं! धन्यवाद दादा. पण मग ते इंग्रजी यू आकाराचं लॉक असतं त्याचं काय? सगळे व्हिडिओवाले तेच घ्या म्हणतात.

चाकोरी
ताई, व्हिडिओवाले जिथं राहतात तिथं फुटपाथवर सायकल अडकवायला कमानी रोवलेल्या असतात. विश्रामबागला दाखवा मला एक.

यू-लॉक वाईट नाही, उलट वजनाच्या मानानं सगळ्यात मजबूत तेच. चांगल्या यू-लॉकची दांडी दोन्ही टोकांना अडकते, म्हणजे चोराला दोनदा कापावं लागतं. एकाच टोकाला अडकणारं असेल तर एकदा कापून पिळलं की सुटतं. घेताना हे बघायचंच. आणि जेवढं लहान तेवढं चांगलं. मोठ्या यूमध्ये जॅक किंवा पाइप घालून फाकवायला जागा मिळते. कमान, सायकलची नळी आणि चाक यांनी आतली जागा गच्च भरली तर अवजार घालणार कुठं?

पण हे सगळं कमान असली तर. आपल्याकडं सायकल बांधायची कशाला? विजेचा खांब यू-लॉकच्या कवेत येत नाही. झाड येत नाही. दुकानाचं शटर, जिन्याचं रेलिंग, खिडकीचे गज यांना यू आडवा लावायला कोन जमत नाही. म्हणून सांगलीत माझं मत साखळीला. साखळी कशालाही वळते.

एक गोष्ट मात्र ठळक अक्षरात लिहा: विजेच्या लोखंडी खांबाला आणि डीपीच्या कुंपणाला सायकल बांधायची नाही, पावसाळ्यात तर अजिबातच नाही. ओल्या खांबात करंट उतरतो. खांबाला हात, सायकलला हात, पाय पाण्यात. चौदा हजारांसाठी लेकीला तिथं उभी करू नका.

बाकी काय बघायचं ते सांगतो. "नो पार्किंग"ची पाटी असलेला खांब हलवून बघा, बरेच नुसते मातीत खुपसलेले असतात. वर पाटी नसेल तर सायकल साखळीसकट वरून काढता येते. रेलिंग नटबोल्टवर असेल तर चोराला कटर नको, पाना पुरे. साखळी जमिनीवर लोळत ठेवू नका. कटरचा एक दांडा जमिनीवर टेकवून दुसऱ्यावर अख्खं वजन टाकता येतं, हवेत लटकणाऱ्या साखळीला नुसत्या हातांचा जोर लावावा लागतो. कुलपाचं तोंड खाली ठेवा, धूळपाणी कमी जातं आणि चोराला वाकून बघावं लागतं.

आणि साखळी कशातून घालायची? पुढच्या चाकातून नुसती कधीच नाही. क्विक रिलीजचा खटका उघडला की चाक तुमचं, सायकल त्याची. फ्रेमच्या मागच्या त्रिकोणातून, मागच्या चाकासकट. शेल्डन ब्राउन नावाचे अमेरिकन मेकॅनिक होते, २००८ साली गेले. सायकलवर त्यांच्याएवढं नेटवर क्वचितच कुणी लिहिलं असेल. त्यांचं म्हणणं होतं, मागचं चाक त्रिकोणाच्या आत अडकवलं की नळीतून वेगळं लॉक घालायची गरजच नाही, कारण रिम त्या त्रिकोणातून ओढून काढता येत नाही. छोटं यू-लॉक पुरतं ते यामुळंच. मी तरी साखळी लांब असेल तर नळीतूनही घेतो. मनाची शांती.

विश्रामबागी_पोरगं
क्लाससमोर गटारीच्या कडेला जाड पाइपचं रेलिंग आहे बघा, काँक्रीटमध्ये रोवलेलं. तिथं मावते साखळी. लवकर गेलं तर जागा मिळते, नाहीतर बुलेटवाले लावून मोकळे.

हिशेबी
माझा प्रश्न वेगळा. दीड हजाराचं लॉक, चौदा हजाराच्या सायकलला? आणि चोर ग्राइंडर घेऊन आला तर तुमचं बोरॉन काय करणार?

भट्टीवाला
@हिशेबी, ग्राइंडरपुढं पोलादाचं काही चालत नाही, ते खरं. चकतीतले कण कडक पोलादाहूनही कडक असतात, हार्डन केलेली साखळीसुद्धा मिनिटभराच्या आसपास जाते. आता परदेशात सिरॅमिक मिसळलेल्या आवरणाची लॉकं आलीत, चकतीच झिजते त्यांवर. पण त्यांची किंमत तुमच्या सायकलीएवढी. ती चौदा हजाराच्या सायकलला नव्हेत.

पण ग्राइंडर म्हणजे ठिणग्या आणि किंकाळी. भर रस्त्यात दुपारी तो कोण चालवणार? चालवेल रात्री, तळघरातल्या पार्किंगमध्ये, जनरेटर चालू असताना. म्हणजे ताईंनी खरी काळजी करायची ती क्लासची कमी आणि घरच्या पार्किंगची जास्त. सगळे उलट करतात. बाहेर साखळी आणि घरी "आपलंच पार्किंग आहे" म्हणून नुसतं स्टँडवर उभी. चोराला घरीच सगळ्यात जास्त वेळ मिळतो.

चाकोरी
भट्टीवाले दादांना दुजोरा. पार्किंगमध्ये भिंतीत एक जाड कडी रोवून घ्या, रासायनिक अँकर किंवा सिमेंटमध्ये. सोसायटीची परवानगी काढा, भांडणं नकोत. वजनदार साखळी तिथंच कायमची राहू दे, रोज न्यायची नाही. लेकीनं सोबत न्यायचं ते दुसरं, हलकं.

आक्का_मिरज
नंबरचं लॉक घेऊ का असं कुणी विचारलं नाही अजून, म्हणून सांगते. आमच्या चिरंजीवांनी चावी हरवते म्हणून नंबरचं घेतलं. चार आकडी, म्हणजे दहा हजार जुळण्या, कुणाला सापडणार! पण पठ्ठ्या लॉक लावून शेवटची चकती एक घर फिरवायचा आणि निघायचा. म्हणजे उघडायला दहाच खेळ्या. सगळी मुलं हेच करतात, बघा लक्ष ठेवून. शिवाय स्वस्तातल्या चकत्या, लॉक ताणून धरलं की बोटाला कळतात म्हणे.

मिरज स्टेशनला रोज ठेवायची असेल तर मी तरी पैसे देऊन स्टँडवरच ठेवते. पावतीवर "मालकाच्या जबाबदारीवर" छापलेलं असतं ते खरं, तरी तिथं माणूस असतो. आणि स्टँडवरसुद्धा लॉक लावायचंच.

पायंडल
चावीवरून आठवलं. नळीसारख्या गोल चावीची स्वस्तातली लॉकं टाळा. २००४ साली क्रिप्टोनाइट या नामांकित अमेरिकन कंपनीची लॉकं साध्या बॉलपेनच्या नळीनं उघडतात हे जगभर झालं, आणि कंपनीला ती फुकट बदलून द्यावी लागली. त्यांनी तेव्हाच चावी बदलली. पण त्या जातीची फालतू नक्कल अजून विकली जाते.

आणि साधं कुलूप घेताना त्याच खोक्यातल्या दुसऱ्या कुलपाची चावी घालून बघायची. हसू नका. हलक्या मालात चाव्यांचे मोजकेच प्रकार असतात.

कृष्णाकाठ
मी शामरावनगरचा, त्यामुळं माझा अनुभव वेगळ्या खात्यातला. आमच्याकडं सायकल चोर नेत नाही, कृष्णामाई नेते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढत होतं तेव्हा आमच्या खालच्या पार्किंगमध्ये कॉलमला साखळीनं बांधलेल्या सायकली होत्या. भाडेकरू पोरं गावी गेलेली, चाव्या त्यांच्या खिशात. बाकीच्या गाड्या वर चढवल्या, त्या तिथंच बुडाल्या. तेव्हापासून आमचा नियम आहे: आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी चाळीस फुटांवर गेलं की खालच्या सगळ्या साखळ्या सोडायच्या, आणि प्रत्येक कुलपाची एक चावी नाव लिहून वरच्या मजल्यावर. धोक्याची पातळी पंचेचाळीस आहे, पण तोपर्यंत थांबलं तर गुडघाभर पाण्यात कुलूप चाचपत बसावं लागतं.

पुरात बुडालेलं कुलूप लगेच चावीनं उघडायला जाऊ नये, गाळात चावी मोडते. आधी स्वच्छ पाण्यानं भरपूर धुवायचं, मग डिझेल किंवा रॉकेलमध्ये बुडवून हलवायचं, वाळवायचं. वंगण म्हणून खोबरेल किंवा इंजिन ऑइल नको. आपल्या रस्त्यांची धूळ त्यावर बसून आत चिखल होतो. ग्रॅफाइटची पावडर घालायची. मिळाली नाही तर मऊ पेन्सिलीचं शिस घासून भुकटी करा, चावीला लावून चार वेळा आतबाहेर. पूर नसला तरी पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एकदा हे करावंच.

हिशेबी
त्या परदेशी लॉकांवर सोल्ड सिक्युअर गोल्ड वगैरे छापलेलं असतं, ते खरं का जाहिरात?

चाकोरी
सोल्ड सिक्युअर ही ब्रिटनमधली त्रयस्थ चाचणी आहे, १९९२ पासून. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड अशा पायऱ्या. हॉलंडची एआरटी नावाची अशीच, ताऱ्यांची. या दोन्हींवर भरवसा ठेवायला हरकत नाही. पण "सुरक्षा पातळी दहापैकी आठ" असं असेल तर ते कंपनीनं स्वतःच स्वतःला दिलेले मार्क. एका कंपनीचा आठ दुसरीच्या पाचएवढाही असू शकतो.

काळाकोट
कायद्याचं थोडं. सायकलच्या पायंडलाच्या एक्सलखाली, फ्रेमच्या बुडाला नंबर ठोकलेला असतो. आजच सायकल उलटी करा, नंबरचा फोटो काढा, बिलासोबत ठेवा. बहुतेक लोकांकडं तो नसतो, आणि सायकल सापडली तरी आपलीच हे सिद्ध करता येत नाही.

गेलीच तर एक चूक करू नका. ऑनलाइन "वस्तू गहाळ" म्हणून नोंद करणं सोपं असतं, म्हणून लोक तीच करतात. गहाळ म्हणजे हरवली. चोरीचा तपास त्यावर होत नाही. चोरीची फिर्याद द्या, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३, पूर्वीचं ३७९. नव्या कायद्यात इलेक्ट्रॉनिक माध्यमातून माहिती देता येते, पण तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. आणि बिलाची प्रत जोडाच. पाच हजारांच्या आतली चोरी, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरलेला आणि वस्तू किंवा किंमत परत दिलेली असेल तर शिक्षा समाजसेवेवर भागते. त्यामुळं किंमत किती लिहिली जाते याला अर्थ आहे. "जुनी सायकल, अंदाजे तीन हजार" असं कुणी लिहायला लागलं तर बिल पुढं करा.

विश्रामबागी_पोरगं
सीटखाली ट्रॅकर लपवला तर?

काळाकोट
लपवा, बिघडत नाही. पण लोकेशन दिसलं म्हणून एकट्यानं कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं नाही. पोलिसांना घेऊन जा.

माधवनगरकर
सगळ्यांचे आभार. काल मार्केटला गेले होते. कानस पर्समध्ये होती, दुकानदार बघतच राहिला! पहिल्या साखळीवर ती चांगलीच चावली. त्यावर "हार्डन्ड" छापलेलं होतं. दुसरी, आठ मिलिमीटरची, घसरली. जाड कडीचं कुलूप धरून बजेटच्या थोडं वर गेलं, पण घेतलं. कॉलेजच्या स्टँडवर रुंद गोल लॉक मागवून लावायचा विचार आहे, पायंडल म्हणतात तसं.

आता लेक म्हणते, दीड-दोन किलोचं ओझं मी रोज क्लासला नेणार नाही. दप्तर आधीच आठ किलोचं.

भट्टीवाला
तिचंही बरोबर. हँडलला गुंडाळू नका, वळताना झोल जातो आणि चाकात गेली तर तोंडावर आपटेल. सीटच्या नळीभोवती गुंडाळून कुलूप लावून टाका, नाहीतर कॅरिअरला पट्ट्यानं आवळा. तेही नको असेल तर तुमची साखळी घरच्या भिंतीला राहू दे, आणि तिला सहा मिलिमीटरची, कानस लावून बघितलेली, छोटी साखळी द्या. त्या काँक्रीटच्या रेलिंगला ती पुरेल.

दोन्ही कुलपं एकाच चावीची मागा. जास्त माल ठेवणारे दुकानदार काढून देतात. तिच्याकडं एकच चावी राहील आणि घरी दोन जादा.

माधवनगरकर
एकाच चावीचं हे माहीतच नव्हतं. चावीवर बारीक नंबर आहे, तो कशासाठी?

पायंडल
त्या नंबरवरून डुप्लिकेट बनवता येते. नंबर डायरीत लिहा आणि चावीवरचा घासून टाका. आणि लेकीला सांगा, नवीन सायकलचे फोटो टाकताना चावी दिसेल असा टाकायचा नाही. दात स्पष्ट दिसले तर फोटोवरूनही चावी होते.

माधवनगरकर
थांबा, तिचं स्टेटस बघून येते.